वायरवरचं इन्सुलेशन गेलं तरी बल्ब लागतो, मग माझा पाय बंद का पडला?

वायरमन_धायरी:

नमस्कार मंडळी.

मी वायरमन आहे. २२ वर्षं झाली या धंद्यात. घरगुती वायरिंग, सोसायट्यांचे मीटर पॅनेल, पंपांचे स्टार्टर अशी कामं करतो. २०२५ च्या जानेवारीत आमच्या पुण्यातल्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते) साथ आली, त्यात मीही सापडलो. वय ४३. आधी चार दिवस जुलाब झाले, थांबले, मी कामाला लागलो. आठवडाभराने एका फ्लॅटमध्ये पंखा बसवायला शिडीवर चढत होतो. तिसऱ्या पायरीवर डावं पाऊल ठेवलं आणि पायरी पायाखाली आहे का नाही तेच कळेना. वाकून डोळ्यांनी बघितलं तेव्हा खात्री पटली. त्या संध्याकाळी जमिनीवरून उठताना हात टेकावे लागले. तिसऱ्या दिवशी टेस्टर बोटांतून निसटायला लागला, तेव्हा मुलाने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

पाठीतून पाणी काढलं, पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन चढवलं, एकूण २४ दिवस काढले तिथे. व्हेंटिलेटर लागला नाही, देवाची कृपा. आता सात महिने होत आले. हात जवळजवळ परत आलेत. उजवा पाय चांगला आहे. डाव्या पायाचा पंजा मात्र वर उचलला जात नाही, चालताना चप्पल सुटून मागे राहते.

आता माझा प्रश्न. डॉक्टरांनी समजावलं होतं की नस म्हणजे वायर समजा, तुमच्या वायरवरचं इन्सुलेशन गेलंय, आतली तार बरीचशी शाबूत आहे. तेव्हा मान डोलावली. घरी पडल्या पडल्या मात्र ते डोक्यातून जाईना. वायरवरचं इन्सुलेशन गेलं तर शॉर्ट होतो, शॉक बसतो, हे खरं. पण लोड बंद पडत नाही. पेठेतल्या जुन्या वाड्यांत मी कापडी वायरी बघितल्यात, वरचं कापड झडून तांबं उघडं पडलेलं आणि बल्ब वर्षानुवर्षं लागतोय. मग माझा पाय का बंद पडला?

दुसरं, एनसीव्हीच्या (नसेतून सिग्नल किती वेगाने जातो ती तपासणी) रिपोर्टवर डाव्या पेरोनिअल नसेपुढे, म्हणजे पंजा उचलणाऱ्या नसेपुढे, २६ मीटर पर सेकंद लिहिलंय, नॉर्मल ४० च्या वर. सगळे म्हणतात सिग्नल स्लो झालाय. स्लो असेल तर पाय उशिरा हलायला पाहिजे, हलायचाच बंद का व्हावा?

तिसरी एक गंमतशीर वाटेल अशी गोष्ट, पण मला तिने फार छळलंय. आंघोळीचं पाणी गरम आहे हे पायाला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण पायात चप्पल आहे का नाही ते अजून नीट कळत नाही. एकच नस, मग एक गोष्ट कळते आणि दुसरी नाही, असं कसं?

डॉक्टरांची चूक काढायची नाही मला. त्यांनी मला उभं केलंय. पण ओपीडीत मागे ४० माणसं उभी असताना हे विचारता येत नाही. कुणाला माहीत असेल तर सावकाश सांगा, लांबलं तरी चालेल. वेळ आहे मला.

मळ्यातला_माणूस:

दादा, लवकर बरे व्हा. आमच्या मेव्हण्याला पायाला मुंग्या होत्या, बी१२ ची इंजेक्शनं घेतली आणि नसा मोकळ्या झाल्या. विचारून बघा डॉक्टरांना.

शरीरक्रिया_निवृत्त:

मी ३१ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी जो प्रश्न विचारायला हवा आणि क्वचितच कुणी विचारतं, तो तुम्ही विचारलात. तुमचं बरोबर आहे. चेतातंतू ही वायर असती तर आवरण झडूनही तुमचा पाय हलला असता.

आधी एक शब्दाचा घोळ दूर करते. आपण मराठीत ‘नस’ म्हणतो ते रक्ताच्या शिरेलाही, पायात गोळा आला की स्नायूलाही आणि चेतेलाही, म्हणजे इंग्रजीतल्या ‘नर्व्ह’लाही. त्यामुळे नस ‘मोकळी’ होते असं वाटतं, जणू आत काही तुंबलंय. चेता पोकळ नाही. ती हजारो बारीक तंतूंची जुडी आहे आणि एकेक तंतू हा एकेका पेशीचा लांबलचक हात आहे. तुमचा डावा पंजा उचलणाऱ्या तंतूंच्या पेशी पाठीच्या कण्यात, कमरेच्या जरा वर बसलेल्या आहेत आणि त्यांचे हात तिथून नडगीवरच्या स्नायूपर्यंत, म्हणजे गुडघ्याच्याही खाली, आलेले आहेत. मेंदूपासून पंजापर्यंत ढोबळमानाने दोनच टप्पे: मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत एक पेशी, मज्जारज्जूतून स्नायूपर्यंत दुसरी. तुमचा पहिला टप्पा धड होता. हुकूम कमरेपर्यंत रोज पोचत होता. दुसऱ्या टप्प्यात अडत होता.

आता वायर. तांब्याच्या तारेत वीज एका टोकाला पुरवली जाते आणि तार ती फक्त वाहून नेते. चेतातंतूत तसा पुरवठा कुठूनच येत नाही. तंतूच्या प्रत्येक ठिकाणी स्वतःची बॅटरी आहे. पेशीच्या पातळ पडद्याच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. तुमच्या २३० व्होल्टपुढे हे काहीच नाही वाटेल. पण तो पडदा इतका पातळ आहे, मीटरच्या साधारण सात अब्जांश भागाएवढा, की मीटरच्या हिशेबाने तो ताण एक कोटी व्होल्ट होतो. संदेश आला की त्या जागी सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, मिलिसेकंदभर आतली बाजू धन होते. त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात. मग पुढची. लवंगी फटाक्यांची माळ आठवा. पहिल्या फटाक्यातली आग शेवटपर्यंत जात नाही. प्रत्येक फटाका स्वतःच्या दारूने उडतो आणि पुढच्याची वात पेटवतो. फरक इतकाच की ही माळ उडून झाल्यावर क्षणात पुन्हा भरली जाते.

असं शेजारून शेजारी जात राहिलं तर वेग सेकंदाला मीटरभर पडतो. आवरण येतं ते इथे. श्वॉन नावाच्या पेशी तंतूभोवती पोळीच्या गुंडाळीसारखे वेढे घेतात, तेच मायेलिन. एक पेशी साधारण मिलिमीटरभर लांबीचा तुकडा झाकते, मग बारीकशी उघडी फट, मग पुढची पेशी. कमरेपासून पावलापर्यंत एकाच जाड तंतूवर अशा हजारभर पेशी ओळीने लागतात. सोडियमची दारं जवळजवळ सगळी त्या फटींत गोळा झालेली असतात. त्यामुळे संदेश फटीतून फटीत उडी मारत जातो आणि वेग सेकंदाला ५० मीटरच्या घरात जातो. रॅन्व्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या फटींचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव.

म्हणजे मायेलिनचं काम शॉक टाळायचं नाही. एका फटीत तयार झालेला धक्का पुढच्या फटीपर्यंत गळती न होता पोचवायचं आहे. ते झडलं की मधल्या मिलिमीटरभर उघड्या तंतूतून वीज झिरपते. पुढच्या फटीत पोचते ती इतकी कमी की तिथली दारं उघडतच नाहीत. माळेतली मधली एक वात ओली झाली की पुढचे फटाके कोरडे असूनही उडत नाहीत, तसं. तुम्ही विचाराल की मग फटाके शेजारून शेजारी, हळूहळू का उडत नाहीत? कारण आवरणाखालच्या भागात दारं फारशी नसतातच. तिथे उडवायला फटाकेच नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. मीटरभर अंतर सेकंदाला ५० मीटरने गेलं तर २० मिलिसेकंद लागतात, २५ ने गेलं तर ४०. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एवढ्या उशिराने कुणाचा पाय बंद पडत नाही. रिपोर्टवरचा २६ हा आकडा, जे तंतू अजून संदेश नेतात, त्यांचा आहे. ज्यांच्यात संदेश वाटेतच मेला ते या आकड्यात दिसतच नाहीत. रिपोर्टमध्ये ‘कंडक्शन ब्लॉक’ असे शब्द कुठे आहेत का बघा. तुमची ताकद गेली ती त्या दोन शब्दांमुळे.

गरम पाण्याचं कोडं तर मला फार आवडलं. एकाच चेतेत जाड आणि बारीक, दोन्ही तंतू असतात. उष्णता आणि सलणारं दुखणं बरंचसं अगदी बारीक तंतूंतून जातं. त्यांच्यावर मायेलिन पातळ असतं किंवा नसतंच; नसलेल्यांचा वेग सेकंदाला एखाद-दोन मीटर. ज्याच्यावर आवरणच नाही त्याचं आवरण जाणार कसं? पाऊल कुठे आहे, सांधा किती वाकलाय, तळव्यावर दाब किती, ही बातमी मात्र जाड, भरपूर मायेलिन असलेल्या तंतूंतून जाते. यातली काही पेशी म्हणजे तर नवलच: पायाच्या अंगठ्यापासून निघून कण्यातून वर थेट मेंदूच्या तळापर्यंत एकच पेशी. शरीरातल्या सगळ्यांत लांब पेशी त्या. शिडीवर तुमची जी बातमी आली नाही ती या वाटेवरची.

मळ्यातल्या दादांना: बी१२ ची कमतरता असेल तर तीही मायेलिन बिघडवते, म्हणून तुमच्या मेव्हण्यांना गुण आला असेल. हा आजार वेगळा. इथे कमतरता नसेल तर इंजेक्शनाने काही साधत नाही.

वायरमन_धायरी:

मॅडम, दोनदा वाचलं, मग मुलाला मोठ्याने वाचायला लावलं.

मी माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर थांबवा. म्हणजे ही सलग वायर नाही, ही कॉन्टॅक्टरांची लाइन आहे. कॉन्टॅक्टर म्हणजे कॉइलला सप्लाय मिळाला की आपोआप ओढला जाणारा स्विच. पहिला कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याच्या कॉन्टॅक्टवरून दुसऱ्याच्या कॉइलला सप्लाय, दुसऱ्यावरून तिसऱ्याला, असे हजार. प्रत्येकाची पॉवर स्वतःची, मागच्याकडून येतो तो फक्त इशारा. आणि मधल्या कंट्रोल वायरीत गळती झाली की व्होल्टेज ड्रॉप होतो. कॉइलला पिकअप व्होल्टेज, म्हणजे ओढायला लागतं तेवढं, मिळालं नाही की कॉन्टॅक्टर नुसता गुणगुणतो, ओढला जात नाही. उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारीला हेच होतं. शेतकरी म्हणतो मोटार जळाली, आणि मोटार धड असते.

रिपोर्ट काढला. आहे, लिहिलंय. ‘कंडक्शन ब्लॉक ॲट फिब्युलर नेक, लेफ्ट’. आणि खाली ‘रिड्यूस्ड सीमॅप’ असंही आहे. हे सात महिन्यांत कुणी मला बोललं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

आणखी दोन विचारू का? गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो तो माझा अजून उडत नाही, पण त्याच पायाने मी जिना चढतो. आणि हे सगळं पायापासूनच का सुरू झालं?

शरीरक्रिया_निवृत्त:

कॉन्टॅक्टरांची लाइन! शिकवत होते तेव्हा हे कुणी सुचवलं असतं तर दरवर्षी वापरलं असतं. त्यात एक भर घाला. निरोगी तंतूत एका फटीतून पुढच्या फटीला गरजेच्या पाच ते सात पट वीज मिळते. म्हणजे निसर्गाने पिकअपपेक्षा भरपूर जास्त व्होल्टेज ठेवलंय. म्हणूनच मायेलिन थोडं झडलं तरी काही होत नाही, आणखी झडलं की संदेश सावकाश होतो, आणि त्याच्याही पुढे गेलं की एकदम बंद. तुम्ही शिडीवर होतात त्या दिवशी काही तंतूंत ही शिल्लक नुकतीच संपली होती.

हातोडीचं: ठोका बसला की शेकडो तंतूंतून बातमी एकदम मज्जारज्जूत पोचावी लागते आणि तिथून हुकूम एकदम परतावा लागतो. दहा माणसांनी ‘हैय्या’ म्हणत एका दमात ओढलं तर गाडी निघते. तेच दहाजण मागेपुढे ओढत राहिले तर हलत नाही. तुमचे तंतू आता वेगवेगळ्या वेगाने चालतात, एक २६ ने, एक ४० ने. एकजूट मोडली. जिना चढायला तेवढी एकजूट लागत नाही, सतत येत राहणारे हुकूम पुरतात. हातोडीचा झटका कदाचित फार उशिरा येईल, त्याची वाट बघत बसू नका.

पायापासून का: जितका तंतू लांब तितक्या त्याच्यावर आवरणाच्या पेशी जास्त, तितक्या मार खाण्याच्या जागा जास्त. हजार कॉन्टॅक्टरांच्या लाइनीत कुठेतरी एक बंद पडण्याची शक्यता २०० च्या लाइनीपेक्षा मोठी. शिवाय रक्त आणि चेता यांच्यात जी भिंत असते ती चेतेच्या मुळाशी आणि शेवटच्या टोकाशी विरळ असते, तिथे प्रतिपिंडं (अँटिबॉडीज, म्हणजे शरीराने जंतूंवर बनवलेली हत्यारं) सहज शिरतात. मुळाशी सूज येते म्हणूनच सुरुवातीला पाठ आणि मांड्या दुखतात आणि म्हणूनच पाठीच्या पाण्यात प्रथिनं वाढतात, पेशी मात्र वाढत नाहीत. गियाँ, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांच्या पाण्यात हेच पाहिलं होतं. आजाराला नाव पहिल्या दोघांचंच राहिलं.

आणि ही प्रतिपिंडं आली कुठून, तेही सांगते, कारण तुमच्या जुलाबांशी त्याचा संबंध आहे. पुण्यातल्या रुग्णांच्या तपासणीत एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्था) अनेकांच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. या जंतूच्या कवचावर साखरेची जी रचना असते ती आपल्या चेतातंतूंवरच्या साखरेसारखी दिसते. शरीर जंतूवर हत्यार बनवतं, जंतू मरतो, हत्यार उरतं आणि ते स्वतःच्याच चेतेवर चालतं. जुलाब थांबल्यावर आठवड्याने, दोन आठवड्यांनी हा आजार का येतो ते यातून कळेल. या जंतूनंतर पुष्कळदा हल्ला आवरणाऐवजी थेट तंतूवर, त्या फटींपाशी होतो. तुमचा रिपोर्ट मुख्यतः आवरणाकडचा दिसतो, पण ‘रिड्यूस्ड सीमॅप’ म्हणजे चेतेला धक्का दिल्यावर स्नायूकडून मिळणारा विजेचा प्रतिसाद कमी आहे, त्यामुळे डावीकडे काही तंतूही तुटले असावेत, असं म्हणायला जागा आहे. ते तुमच्या डॉक्टरांनीच तपासून सांगावं. मेंदूत आणि मज्जारज्जूत मायेलिन वेगळ्या पेशी बनवतात, त्यांची बांधणी वेगळी. तिकडे धक्का लागला नाही.

नीरा_काठची:

वायरमनदादा, मला २०१९ मध्ये झाला होता. तुमचं वाचून हात थरथरले, म्हणून लिहिते.

मला व्हेंटिलेटर लागला. दाखल झाले त्या संध्याकाळी सिस्टर दर दोन तासांनी यायच्या आणि म्हणायच्या, दीर्घ श्वास घ्या आणि एका श्वासात जितके जमतील तितके आकडे मोठ्याने मोजा. आधी १९ पर्यंत गेले. रात्री दहाला १४. मध्यरात्री ९. मला वाटत होतं झोप आलीय म्हणून होतंय. सिस्टरनी १४ ऐकलं तेव्हाच डॉक्टरांना फोन लावला होता, हे नंतर कळलं. श्वासाचा पडदा छातीखाली असला तरी त्याची चेता मानेतून निघते, मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मणक्याजवळून. दम लागल्यासारखं वाटायच्या आधी आकडे घसरतात. कुणाच्या घरी हा रुग्ण असेल तर हे मोजणं लक्षात ठेवा.

१९ दिवस नळीवर होते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू गेल्या होत्या, डोळे मिटत नव्हते, रात्री चिकटपट्टी लावून मिटवायचे. आणि मी आत पूर्ण जागी होते. सगळं ऐकू यायचं. दारात उभं राहून नातेवाईक काय बोलले तेही. मेंदूला काही झालेलं नाही हे डॉक्टर सांगायचे, पण खाटेवरच्या माणसाकडे बघून लोक विसरतात.

माझ्या भाच्याने एका पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहून आणली. तो बोट ठेवायचा: स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. पाहिजे ती ओळ आली की मी डोळे वर करायचे. मग त्या ओळीतलं अक्षर. पहिला शब्द लिहायला पाव तास लागला. ‘पाठ’. पाच दिवस माझी पाठ आगीसारखी दुखत होती आणि कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर दर दोन तासांनी कूस बदलायला लागले आणि दुखण्याचं औषध सुरू झालं.

कूस बदलली की बीपी १८० वर जायचं, अर्ध्या तासात ९० वर यायचं. घरचे घाबरले. डॉक्टर म्हणाले, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना आवरणाऱ्या आपोआप चालणाऱ्या चेताही याच आजाराने बिघडतात, म्हणून आयसीयूत मॉनिटर लावून ठेवलंय. तुमच्या शेजारच्या खाटेवर कुणी पडून असेल तर त्याच्याशी बोला, दादा. उत्तर आलं नाही तरी.

फिजिओ_मिरज:

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय सांगते आहे, त्यामुळे तुमच्या फिजिओने सांगितलेलं वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

‘फिब्युलर नेक’ म्हणजे कुठे ते आधी हाताने बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक गोळा लागतो. पंजा वर उचलणारी चेता त्या गोळ्याखालून, हाडाला लगटून वळते. वर फक्त कातडी. दोरीसारखी बोटाखाली सरकते. ती जागा कुणाचीही कमकुवत असते आणि तुमची आधीच मार खाल्लेली आहे. तुम्ही वायरमन, म्हणजे खालच्या सॉकेटसाठी तासतासभर उकिडवं बसणं आलं. ते सध्या पूर्ण बंद. पायावर पाय टाकून बसणंही बंद. स्टुलावर बसा.

वेळ किती लागेल, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणारच. आवरण परत येतं ते आठवड्यांत, महिन्यांत. तंतू तुटला असेल तर तो वरून खाली दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. औषधाने हा वेग वाढत नाही, मालिशने नाही, जोर लावूनही नाही. आणखी एक सांगते म्हणजे पुढच्या रिपोर्टने खचू नका. नवीन आवरणाचे तुकडे जुन्यापेक्षा आखूड आणि पातळ असतात, त्यामुळे वेगाचा आकडा पूर्वीसारखा कदाचित कधीच येणार नाही. ताकद मात्र येऊ शकते. आमचे कितीतरी रुग्ण ३५ च्या आकड्यावर धावतात.

व्यायाम दमेपर्यंत करू नका. जे थोडे तंतू काम करतायत तेच सगळा भार उचलतायत. माझी साधी खूण आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आदल्या सकाळपेक्षा जड वाटला तर काल जास्त झालं. पोटरीचा ताण मात्र रोज, न चुकता. पंजा खाली लोंबत राहिला की पोटरी आखडते, आणि मग चेता परत आली तरी घोटा वळत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय, दीड वर्षाने ताकद आली आणि घोटा बांधलेला.

शिडीबद्दल: कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत असेल तिथे, पाय जुळवून उभे राहा, मुलाला समोर उभं करा आणि डोळे मिटा. डोळे उघडे असताना मेंदू नजरेवर काम भागवतो. मिटले की पायातून येणाऱ्या बातमीवरच उभं राहायचं. काय होतं ते लिहा.

वायरमन_धायरी:

केलं काल रात्री. डोळे उघडे ठेवून दोन मिनिटं आरामात उभा राहिलो. मिटले आणि पोराने मोजलं: चार सेकंद. डावीकडे गेलो, भिंतीने धरलं. पंजा उचलला जात नाही एवढंच माझं दुखणं आहे असं मी समजत होतो. हे दुसरं मला माहीतच नव्हतं, आणि शिडीवर जायचं मनात चाललं होतं. दिवाळीच्या लायटिंगची तीन कामं घेऊन ठेवली होती. सकाळी फोन करून दोघांना दुसरा माणूस दिला, तिसऱ्याकडे पोरगा वर चढेल आणि मी खाली पॅनेलपाशी स्टुलावर बसेन.

नीराताई, तुमचं घरात सगळ्यांनी वाचलं. मी जनरल वॉर्डात होतो तेव्हा समोरच्या खाटेवर एक म्हातारबाबा होते, नळीवर नेलं त्यांना तिसऱ्या दिवशी. मी त्यांच्याशी बोललो नाही. मला वाटलं त्यांना कळत नसेल.

मॅडम आणि फिजिओताई, टेप लावून मोजलं. त्या गोळ्यापासून पंजा उचलणाऱ्या स्नायूच्या मांसल भागापर्यंत १३ सेंटीमीटर, आणि पुढे बोटांपर्यंत धरलं तर ४४. दिवसाला एक मिलिमीटर म्हणजे १३ सेंटीमीटरला १३० दिवस आणि ४४ ला ४४० दिवस. आजार होऊन २०० च्या वर दिवस झालेत. मग स्नायूपर्यंत तरी काही पोचलं असायला पाहिजे. आज सकाळी खुर्चीत बसून, टाच जमिनीवर ठेवून, पंजा उचलायचा प्रयत्न केला आणि दुसरा हात नडगीच्या बाहेरच्या बाजूला ठेवला. पंजा हलला नाही, पण हाताखाली काहीतरी ताणल्यासारखं झालं. बायकोनेही हात ठेवून बघितलं, तिलाही लागलं. हे खरं धरायचं का?

आणि डॉक्टरांनी पायाला लावायचा स्प्लिंट लिहून दिलाय. तो चपलेत बसत नाही, बूट घ्यावा लागेल का?

फिजिओ_मिरज:

खरं धरा. सांधा हलण्याच्या आधी स्नायू आवळतो, तो हाताला लागतो. आम्ही ताकद शून्य ते पाच मोजतो, त्यात तुम्ही शून्यावरून एकवर आलात. तीच हालचाल दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहादा, बस. हात ठेवूनच करा, म्हणजे डोक्यालाही बातमी मिळेल. पुढच्या एनसीव्हीच्या वेळी सुईची तपासणीही करतील का ते विचारा, स्नायूत नवीन तंतू पोचलेत का ते त्यात दिसतं.

शिडीवर चढायचं म्हणाल तर मुलासमोरची ती कोपऱ्यातली चाचणी दर रविवारी करा आणि सेकंद लिहून ठेवा.

स्प्लिंटसाठी बूटच घ्या, एक नंबर मोठा, आतली गादी निघणारा, वरून पूर्ण उघडणारा. संध्याकाळी घ्यायला जा, पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा. आणि घरी आल्यावर स्प्लिंट काढून पाय उजेडात नीट बघा, कुठे लाल झालंय का. तुम्हाला टोचलेलं कळणार नाही.